बाहुलीचा पेटारा

१४९६ साली फ्रान्सची राणी अ‍ॅन ऑफ ब्रिटनी हिने स्पेनच्या इसाबेला राणीस भेट देण्यासाठी एक मोठी बाहुली तयार करवली. बाहुली सजून पुढ्यात आली तेव्हा तिचा पोशाख काही राणीच्या मनास येईना. एका राणीने दुसरीस पाठवावा इतका तो भारी नव्हता. तो उतरवून अधिक मोलाचा दुसरा पोशाख शिवण्याची आज्ञा झाली, असे वेशभूषेचे इतिहासकार सांगतात. त्या बाहुलीच्या चेहऱ्याची वार्ता मागे राहिली नाही; राहिली ती एकदा उतरवलेल्या आणि पुन्हा चढवलेल्या पोशाखाची.

बाहुल्यांचा इतिहास मात्र पुढे चेहऱ्यांचाच इतिहास म्हणून लिहिला गेला. लिलावांच्या याद्या, संग्राहकांच्या सूची, संग्रहालयांतील पाट्या यांत बाहुलीची ओळख मानेमागे उमटवलेल्या कारखानदाराच्या शिक्क्यावरून ठरते. डोके कोणत्या साच्यातले, डोळे काचेचे की रंगवलेले, हे आधी सांगितले जाते. वस्त्रांविषयीचा मजकूर शेवटच्या ओळीत येतो. ज्या वस्तूचे सारे प्रयोजनच वस्त्र बदलण्यात आहे, तिच्या बाबतीत हा क्रम उलटा म्हणावा लागेल. तान्ह्या बाळाची बाहुली हवी असते ती निजवण्यासाठी, कडेवर घेण्यासाठी. फॅशनची बाहुली ही वयात आलेल्या स्त्रीची प्रतिमा असते; ती हवी असते सजवण्यासाठी, आणि एकदा सजवून झाल्यावर पुन्हा नव्याने सजवण्यासाठी. तिचा खरा इतिहास तिच्या पेटाऱ्यात आहे.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या कादंबरीतील कोझेत खाणावळीत टेबलाखाली बसून शिशाच्या एका लहानशा तलवारीला चिंध्यांत गुंडाळते आणि तिलाच बाळ मानते. बाहुली नसली तरी चालते, चिंधी असली की पुरे, हे ह्यूगोने अचूक हेरले होते. मराठी घरांतही भातुकलीच्या खेळातील बाहुला-बाहुली शिंप्याकडच्या किंवा घरातल्याच जुनेऱ्याच्या चिंध्यांतून जन्मास येत, आणि त्यांच्या लग्नात खरी धांदल असे ती शालू-शेल्याचीच. ज्येष्ठागौरींच्या मुखवट्याखाली उभा केलेला सांगाडा कोणी पाहत नाही. वर्षाची नवी साडी आणि तिच्या निऱ्या पाहतात. पूजेची मूर्ती, खेळातली बाहुली आणि बाजारातला नमुना या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. तरी निर्जीव आकृतीस वस्त्र नेसवताच ती ‘कोणीतरी’ होते, हा अनुभव तिन्ही ठिकाणी एकच आहे.

युरोपात फॅशनच्या बाहुलीचा पहिला ठळक उल्लेख हिशेबाच्या वहीत सापडतो, हे तिच्या स्वभावाला धरूनच झाले. १३९६ साली सहाव्या चार्ल्स राजाच्या दरबारातील रॉबेर द व्हारेन या कारागिरास इंग्लंडच्या राणीसाठी बाहुल्यांचे कपडे करून दिल्याबद्दल ४५९ लिव्र १६ सू इतकी रक्कम चुकती झाली. रक्कम एवढी मोठी, तेव्हा हे कपडे मोठ्या मापाचे आणि फ्रेंच दरबाराची चाल इंग्लंडला कळवण्यासाठी पाठवलेले असावेत, असा तर्क बहुतेकांनी केला आहे. पण त्याच वर्षी इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी विवाहबद्ध झालेली राणी इझाबेल ही चार्ल्सचीच कन्या होती, आणि तिला तेव्हा जेमतेम सातवे वर्ष लागत होते. माहेराहून निघालेल्या एवढ्याशा मुलीबरोबर बाहुल्यांचे कपडे गेले असतील, तर ते राजनीतीचे नमुने होते की खेळणी, हा भेद करण्याची गरज त्या काळी कोणास भासली नसेल. नमुना आणि खेळणे यांचा हा संकर पुढची सहाशे वर्षे सुटलेला नाही.

१६०० साली चौथ्या हेन्रीने आपली वाग्दत्त वधू मारी द मेदिची हिला पत्र लिहून, फ्रेंच पोशाखांचे नमुने म्हणून सजवलेल्या बाहुल्या पाठवत असल्याचे कळवले. सतराव्या शतकात पॅरिसमधील मादमुआझेल द स्क्युदेरी हिच्या बैठकीशी दोन बाहुल्यांची नावे जोडली जातात : थोरली पांडोरा आणि धाकटी पांडोरा. थोरली समारंभाच्या वेशात असे, धाकटी घरगुती वेशात. म्हणजे अंतर्वस्त्रापासून केसांच्या ठेवणीपर्यंत स्त्रीच्या दिवसाचे दोन प्रहर या दोघींनी वाटून घेतले होते. अशा बाहुल्या पॅरिसहून लंडन, व्हिएन्ना, व्हेनिस या शहरांना जात. स्पॅनिश वारसायुद्धाच्या काळात (१७०१-१४) फ्रान्स आणि इंग्लंड एकमेकांचे वैरी असतानाही या बाहुलीस दोन्ही दरबारांनी जाण्यायेण्याचा परवाना दिला होता, अशी नोंद आबे प्रेव्हो याने करून ठेवली आहे. मारी आंत्वानेतची पोशाखकार रोझ बेर्तां हिच्या हातच्या बाहुल्या युरोपभर फिरल्या. ‘काबिने दे मोद’ (१७८५) सारखी रंगीत चित्रांची नियतकालिके निघू लागली, आणि कागदावरचे चित्र टपालाने स्वस्तात जाऊ लागल्यावर पांडोरेचा हा प्रवास थांबला. चित्राला उलटून पाठीमागची शिवण पाहता येत नाही, ही त्याची उणीव शिंपिणींना तेव्हाही जाणवली असणारच.

बाहुली बाजारातून निघाली ती मुलांच्या खोलीत गेली, आणि जाताना काही काळ कागदाचीच होऊन गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कापून काढायच्या कागदी बाहुल्या आणि त्यांचे बदलते वेश विकले जाऊ लागले. १८१० साली लंडनच्या एस. अँड जे. फुलर या प्रकाशकांनी काढलेले ‘द हिस्टरी ऑफ लिटल फॅनी’ हे पुस्तक या प्रकारातील मासलेवाईक उदाहरण. त्यात फॅनीचे डोके तेवढे सुटे दिले होते. पद्यकथेतील प्रसंग बदलेल तसे ते वेगवेगळ्या वेशांत खोवायचे. कथा अर्थातच उपदेशपर आहे : नटव्या फॅनीचे भारी कपडे लुबाडले जातात, तिला भिकारणीच्या आणि मोलकरणीच्या वेशात दिवस काढावे लागतात आणि अखेर ती सुधारून साध्या वेशात घरी परतते. कपड्यांचा हव्यास वाईट, हे सांगणाऱ्या या पुस्तकाचा सगळा आनंद कपडे बदलण्यात होता. प्रकाशकांना ही विसंगती दिसली नसेल असे नाही.

राजवाड्यातली एक मुलगी या काळात कागदाऐवजी लाकडावर काम करीत होती. पुढे व्हिक्टोरिया राणी झालेल्या या मुलीकडे सांधे हलणाऱ्या साध्या लाकडी बाहुल्यांचा १३२ जणींचा संसार होता. बाहुल्या स्वस्तातल्या, चेहरे जवळजवळ सारखे. उंची तीन ते नऊ इंच. साधारण १८३१ ते १८३३ या काळात राजकन्येने आणि तिची शिक्षिका बॅरोनेस लेत्सेन हिने मिळून त्यांना सजवले. कोण कोणाच्या वेशात आहे आणि तो वेश कोणी शिवला याची यादी एका वहीत टिपून ठेवलेली होती; तीनुसार ३२ बाहुल्यांचे कपडे एकट्या राजकन्येच्या हातचे. त्यांत दरबारातल्या स्त्रिया आहेत आणि ऑपेरा-बॅलेच्या रंगभूमीवरील पात्रे आहेत. नर्तिका मारी ताल्योनी ही तर तिची आवडती. १८९२ साली फ्रान्सेस लो यांनी ‘द स्ट्रँड मॅगझीन’मध्ये या बाहुल्यांवर लेख लिहिला तेव्हा वृद्ध राणीचे हे एकाकी बालपण वाचकांसमोर आले. सारखेच लाकडी चेहरे असलेल्या बाहुल्यांतून सव्वाशेहून अधिक निरनिराळ्या व्यक्ती केवळ सुई-दोऱ्याने उभ्या करणे, याला आजच्या भाषेत जे नाव दिले जाते ते त्या मुलीस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती एका बंदिस्त वाड्यात स्वतःपुरते जग वसवीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसने या वस्तूला परमोत्कर्षास नेले. युरे, रोमेर, झ्युमो या घराण्यांच्या बाहुल्यांची डोकी चिनी मातीची, बिनचकाकीची, त्वचेसारखी मंद. अंग कोकराच्या कातड्याचे, भुसा भरून शिवलेले. सोबत पेटारा. त्यात सकाळचा, भेटीगाठींचा, प्रवासाचा आणि नृत्याचा असे वेगवेगळे वेश, हातमोजे, छत्र्या, बूट, पंखे, चिठ्ठ्या लिहिण्याचे कागद, कधी पाहुण्यांना देण्याची छापील कार्डेसुद्धा. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पिएर-फ्रांस्वा झ्युमो यांस पदक मिळाले, पण परीक्षकांनी अहवालात स्पष्ट करून ठेवले की बाहुल्यांत वाखाणण्याजोगे काही नाही; वाखाणणी आहे ती त्यांच्या कपड्यांची. झ्युमोंना हे लागले असावे, कारण पुढच्या पिढीत एमिल झ्युमोने चेहऱ्यावर अपार मेहनत घेतली, आणि आज जग झ्युमोला चेहऱ्यासाठीच ओळखते. परीक्षकांनी ज्या हातांना दाद दिली ते हात कोणाचे होते? पॅरिसमध्ये घरबसल्या, नगावर शिवणाऱ्या स्त्रियांचे. त्यांचा शिक्का कोणत्याही मानेमागे नाही.

टोपाची गोष्टही याच काळात आकाराला आली. चिनी मातीच्या डोक्याची कवटी वरून उघडी ठेवलेली असे, कारण आतून डोळे बसवावे लागत. त्या भोकावर बुचाच्या लाकडाची वाटी बसवायची आणि तिच्यावर केसांचा टोप खिळ्यांनी किंवा सरसाने डकवायचा, अशी रीत होती. टोप कधी माणसाच्या केसांचा असे, कधी अंगोरा बोकडाच्या लोकरीचा, ज्याला मोहेर म्हणतात, तर कधी कातड्यासकट घेतलेल्या मेंढराच्या लांब केसांचा. माणसाचे केस दिसायला खरे, पण बाहुलीच्या मापाला जाड. बारीक डोक्यावर ते फुगून बसतात. मोहेरचा तंतू बारीक आणि तकतकीत, म्हणून लहान मापाला तोच शोभतो. मराठी रंगभूमीवर टोप आणि गंगावन हाताळणाऱ्यांना या अडचणी समजावून सांगाव्या लागणार नाहीत. माणसाच्या केसांचा फ्रान्समधील व्यापार हे एक स्वतंत्र आणि फारसे सुखद नसलेले प्रकरण आहे. ब्रिटनीच्या जत्रांमध्ये खेड्यांतील मुली काही रुमालांच्या किंवा थोड्या कापडाच्या बदल्यात आपले केस कापून देत. पॅरिसच्या बाजारातले टोप अशा केसांतून तयार होत.

शिवणाऱ्या हातांना या शतकात साहित्याने मात्र विसरू दिले नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४-६५) या कादंबरीतील जेनी रेन ही बाहुल्यांचे कपडे शिवणारी कोवळ्या वयाची मुलगी आहे. पाठ दुखते, पाय चालत नाहीत, बाप दारुड्या. त्या बापालाच ती मूल समजून दटावते. पब्सी आणि कंपनीच्या दुकानातून ती वाया गेलेले कापडाचे तुकडे विकत आणते. आणि मग ती काय करते? शहरात मोठ्या लोकांचे समारंभ असले की दाराबाहेरच्या गर्दीत उभी राहते, गाडीतून उतरणाऱ्या सरदारणीला नजरेनेच मापून घेते, घरी जाऊन बाहुलीवर कापड बेतते आणि पुन्हा येऊन त्या सरदारणीवरून ताडून पाहते. आपण तिच्या शिंपिणीसमोर उभ्या आहोत हे त्या सरदारणीला कधी कळत नाही. जेनीच्या दृष्टीने जिवंत स्त्री हा नमुना आणि बाहुली हीच खरी गिऱ्हाईक. पांडोरेच्या काळात बाहुली नमुना होती आणि राणी गिऱ्हाईक. डिकन्सने हे नाते उलटे केले, आणि ते करताना दारिद्र्य आणि कला एकाच देहात कशी नांदतात हे दाखवले. टीकाकारांनी जेनीला पुष्कळदा डिकन्सच्या विक्षिप्त पात्रांच्या रांगेत बसवले आहे. ती तेवढीच नाही. बाहुलीच्या पेटाऱ्यावर लिहिलेले इतके खरे पान दुसरीकडे मिळणे कठीण.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाहुली पुन्हा एकदा राजदूत झाली. १९२७ साली अमेरिकेने जपानी मुलांना १२ हजारांहून अधिक बाहुल्या मैत्रीची भेट म्हणून पाठवल्या. त्यांतल्या कित्येकींचे कपडे अमेरिकन मुलींनी आणि स्त्रियांनी शिवले होते. जपानने उत्तरादाखल ५८ मोठ्या बाहुल्या किमोनो आणि साजसरंजामासह पाठवल्या. युद्धात, १९४३ च्या सुमारास, जपानमधील बहुतेक निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या म्हणून नष्ट करण्यात आल्या. शिक्षक आणि गावकऱ्यांनी लपवलेल्या तीनेकशे वाचल्या.

युद्ध संपण्यापूर्वीच पॅरिसने आपले जुने अस्त्र काढले. कापड नाही, कोळसा नाही, परदेशी गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत मार्च १९४५ मध्ये लूव्रच्या मार्साँ दालनात ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन भरले. माणसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या, साधारण ७० सेंटिमीटर उंचीच्या सुमारे दोनशे बाहुल्या, आणि त्यांच्यावर बालेन्सियागा, स्कियापारेली, लुसियें लेलाँ यांच्यासारख्या पोशाखकारांचे वेश. एलियान बोनाबेल हिने सुचवलेले अंग केवळ तारेचे होते. झां सँ-मार्तां याने ते वळवले, तर प्लास्टरची डोकी कातालान शिल्पकार झोआन रेबुल याची. तार निवडली ती सामग्रीच्या टंचाईने, पण परिणाम असा झाला की अंग जणू नाहीसे होऊन पोशाख तेवढा उरला. शिंपिणींनी त्या टंचाईतही काही सोडले नाही : अस्तर खरे, काजे खरी, गुंड्या खऱ्या. नामांकित केशरचनाकारांनी त्या इवल्या डोक्यांवर टोप रचले. लाखभर लोकांनी तिकीट काढून ते पाहिले. मिळकत युद्धपीडितांच्या मदतीस गेली. १९४६ मध्ये बाहुल्या नव्या वेशांत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोस गेल्या, दागिने परत आले, बाहुल्या तिथेच एका दुकानाच्या तळघरात राहिल्या. १९५२ साली त्या वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयाकडे आल्या. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसला नेऊन त्यांची डागडुजी करण्यात आली.

बार्बीची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगणे पुरे. रूथ हँडलर यांनी आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहिली. बाळांच्या बाहुल्या टाकून ती मोठ्या स्त्रियांच्या कागदी बाहुल्या निवडत असे. १९५६ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांना लिली ही जर्मन बाहुली दिसली, जी मुळात एका वृत्तपत्रातील प्रौढ वाचकांसाठीच्या व्यंगचित्रमालेतली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली, साडेअकरा इंच उंच, किंमत ३ डॉलर. लिटल फॅनीचे सुटे डोके आणि बार्बीचा सुटा पोशाख यांच्यामध्ये अशी सरळ वाट आहे. व्यापाराची मेख पोशाखातच होती : बाहुली एकदाच विकली जाते, कपडे पुन्हा पुन्हा. शार्लट जॉन्सन या पोशाखकार बाई त्यासाठी सुमारे वर्षभर जपानमध्ये राहिल्या; एवढ्याशा मापाला शोभेल असे बारीक छापाचे कापड, चिमुकल्या चेन, चिमुकली टिचबटणे त्यांनी तिथे करवून घेतली, आणि जपानी स्त्रियांनी घरोघरी बसून ते कपडे शिवले. पॅरिसच्या नगावर शिवणाऱ्या बायकांची जागा जपानच्या बायकांनी घेतली. पेटारा तोच राहिला. १९६३ साली कंपनीने साच्यातच केस कोरलेली बार्बी काढली आणि तिच्याबरोबर तीन टोप दिले. सकाळी तांबूस केसांची, संध्याकाळी सोनेरी केसांची, अशी ती झाली.

सिमोन द बोव्हार हिने ‘दुसरे लिंग’ या ग्रंथात (१९४९) बाहुलीवर घेतलेला आक्षेप या ठिकाणी टाळता येत नाही. मुलगी बाहुलीला नटवते ती स्वतः नटवली जाण्याचे स्वप्न पाहत. आपणच एक सुंदर वस्तू आहोत असे ती बाहुलीकडून शिकते, असा तिचा आशय आहे. बार्बीने दहा वर्षांनी हा आक्षेप जवळजवळ सिद्ध केला. परंतु बोव्हारची मुलगी बाहुलीकडे पाहते. बाहुलीसाठी शिवणारी मुलगी तिच्या विवेचनात येत नाही. जेनी रेन बाहुलीत स्वतःला पाहत नाही. ती बाहुलीत गिऱ्हाईक पाहते, कापड पाहते, उद्याचे जेवण पाहते. पाहणारी आणि करणारी यांतला हा फरक बोव्हारच्या सिद्धान्तात बसत नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बार्बी भारतात आली आणि पुढे साडी नेसूनही आली. अंग तेच, चेहऱ्याचा साचा तोच. कपाळी टिकली आणि केस काळे. या साडीची अडचण सांस्कृतिक आहे त्याहून अधिक कापडाची आहे. साडेपाच मीटरची साडी बार्बीच्या एक षष्ठांश प्रमाणात ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. लांबी अशी कापून लहान करता येते, पण कापडाची जाडी लहान होत नाही. माणसाच्या कमरेशी सपाट बसणाऱ्या सहा-सात निऱ्या बाहुलीच्या कमरेशी गाठोडे होतात, आणि पदराला स्वतःचे वजन नसल्यामुळे तो खांद्यावरून खाली पडण्याऐवजी हवेत ताठ उभा राहतो. म्हणून अशी साडी बहुधा निऱ्या शिवून, कमरेशी पातळ करून, झग्यासारखी चढवली जाते. नेसण्याचे वस्त्र घालण्याचे वस्त्र होते.

बाहुलीचे कपडे शिवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रमाणाचा प्रश्न सोडवावा लागतो. मापे सहापट लहान होतात, सुई-दोरा होत नाही. अर्ध्या सेंटिमीटरची शिवणदाब बाहुलीच्या मापाला माणसाच्या तीन सेंटिमीटरएवढी फुगते. म्हणून ती कापून आणखी बारीक करावी लागते, आणि बारीक केली की सुटते, म्हणून तिला डिंकासारखे द्रव लावून धागे बांधावे लागतात. बाही खांद्याला आधी जोडायची आणि बगलेची शिवण मागाहून घालायची, कारण तयार नळी एवढ्याशा काखेत बसवता येत नाही. कपडा पाठीकडून उघडा ठेवायचा. गडद रंगाचे कापड आधी धुऊन रंग काढायचा, नाही तर तो बाहुलीच्या अंगात मुरतो आणि मग कधी निघत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये या प्रश्नांना वाहिलेली एक नवी बाहुलीच जन्मास आली. क्योतो येथील वोक्स या कंपनीने १९९९ साली सुपर डॉल्फी या नावाने रेझिनची, आतून लवचिक दोरीने ओवलेली, गोल सांध्यांची सुमारे साठ सेंटिमीटर उंच बाहुली काढली. तिचे डोळे बदलता येतात, टोप बदलता येतो, चेहऱ्याचा रंग पुसून नवा चढवता येतो. ती जणू अपुरी ठेवूनच विकली जाते. याच सुमारास अमेरिकेत १९७२ साली एकच वर्ष टिकलेली ब्लाइथ ही मोठ्या डोक्याची, दोरी ओढताच डोळ्यांचा रंग बदलणारी बाहुली जीना गॅरन यांच्या छायाचित्रांच्या पुस्तकामुळे (२०००) पुन्हा लोकांपुढे आली, आणि २००१ पासून जपानमध्ये नव्याने तयार होऊ लागली. मुलींसाठी काढलेल्या आणि फसलेल्या या बाहुलीला प्रौढांनी जवळ केले, आणि जवळ करताच उसवायला घेतले.

उसवणे हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. बार्बीसारख्या बाहुलीचे डोके कोमट-गरम पाण्यात मऊ करून मानेपासून काढतात, डोक्यात रोवलेले केस आतून उपटतात, कारखान्यात छापलेला चेहरा द्रावणाने पुसतात. मग कोरा चेहरा उरतो. त्यावर रंगीत पेन्सिली आणि खडूच्या भुकटीने थरावर थर चढवून नवे डोळे, नव्या भुवया. टोपासाठी डोक्याला आधी पातळ प्लास्टिक गुंडाळतात, त्यावर ताणणाऱ्या कापडाची टोपी सरसाने घट्ट करतात आणि मोहेरच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या पट्ट्या मानेकडून शेंड्याकडे गोल गोल चिकटवत नेतात. शेवटी भांग. खरी परीक्षा भांगाची असते : तिथे पट्टीची कड दिसली की सारा टोप खोटा पडतो. रेझिनच्या गुळगुळीत डोक्यावरून टोप घसरू नये म्हणून खाली सिलिकॉनची पातळ टोपी घालतात. तीच गडद केसांचा डागही अडवते. बुचाच्या वाटीपासून सिलिकॉनच्या टोपीपर्यंत दीडशे वर्षे गेली, प्रश्न तोच.

या उद्योगाला मुक्तीची चळवळ म्हणणे भाबडेपणाचे होईल. कोऱ्या चेहऱ्याच्या बाहुल्या, तयार टोप, तयार डोळे यांचीही आता मोठी बाजारपेठ आहे, आणि रेझिनची बाहुली सामान्य मिळकतीला परवडणारी नाही. दुसरीकडे जुन्या बाहुल्यांचे संग्राहक या उसवण्याकडे भयाने पाहतात, आणि त्यांचेही चुकते असे नाही. मूळ कपड्यांतली झ्युमो एकदा उतरवली की तिच्या पोशाखाची साक्ष नाहीशी होते. मात्र एक गोष्ट नवी आहे. या मंडळींत बाहुलीची ओळख साच्याच्या शिक्क्यावरून सांगितली जात नाही. चेहरा कोणी रंगवला, टोप कोणी केला, पोशाख कोणी शिवला, ही नावे आधी येतात. झ्युमोच्या बायकांना जे मिळाले नाही ते असे थोडेसे, भलत्याच ठिकाणी, परत येत आहे.

बार्बीच्या कितीतरी आधी फ्रान्समध्ये या सगळ्याचा एक मध्यममार्ग निघाला होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये ‘ला सॅमेन द स्युझेत’ हे मुलींचे साप्ताहिक सुरू झाले तेव्हा वर्षाची वर्गणी भरणाऱ्या मुलीला ब्ल्यूएत नावाची २७ सेंटिमीटरची बाहुली भेट मिळे. पहिल्या बाहुल्यांची डोकी झ्युमोच्या साच्यातली होती; वीस हजार नग पाहता पाहता संपले. तिचे तयार कपडे विकतही मिळत, पण साप्ताहिकाचा खरा हेतू वेगळा होता : अंकांतून ब्ल्यूएतच्या कपड्यांचे बेत छापले जात, आणि मुलींनी ते स्वतः शिवावेत अशी अपेक्षा असे. कॅथलिक मध्यमवर्गातील मुलींना शिवण शिकवण्याची ती युक्ती होती, यात शंका नाही. १९६० पर्यंत, दोन महायुद्धे ओलांडून, शेकडो बेत छापले गेले. फ्रेंच स्त्रीच्या वेशाचा अर्धशतकाचा इतिहास त्यांत बारीक मापात उतरला आहे. आता त्या बाहुल्यांच्या प्रतिकृती निघतात आणि त्या बेतांवरून कपडेही शिवले जातात. तेवढे करताना एक विचारून घ्यावे लागते : १९३३ साली ब्ल्यूएतची उंची दोन सेंटिमीटरने वाढवली गेली, त्यामुळे आधीच्या बेताचा झगा नंतरच्या बाहुलीच्या खांद्याला दाटतो, आणि नंतरचा आधीचीच्या अंगावर लोंबतो.